ऐकणारं गाढव

सायखेड्याला गेलो की पारावर अजूनही एखादा म्हातारा भेटतो. मी कोणाचा कोण याची तो चौकशी करतो आणि ओळख पटली की त्याचा चेहरा जरासा आखडतो. "म्हंजी त्या चिठ्ठीवाल्या दाजीचा पोरगा का तू?" एवढं विचारून तो दुसरीकडे बघायला लागतो. त्या दुसरीकडे बघण्यात माझ्या वडिलांवरचा एक आळ आहे. रंगनाथमामांना ऐकू येत नाही, हे साहेबाच्या कानावर घालून वडिलांनी त्यांना मशीनवरून हलवलं, असा तो आळ. मामा हे खरं मानूनच गेले. वडीलही तो आळ अंगावर घेऊनच गेले. साहेबाला ते सांगितलं मी. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि माझ्यासमोर टेबलावर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं एक गाढव उभं होतं.

सांगायचं ते एवढंच आहे. पण चार ओळींत सांगितलं तर कोणाला पटायचं नाही, आणि का झालं तेही कळायचं नाही. आता पासष्टी उलटून गेली आहे. ही गोष्ट लपवून ठेवण्याचाही शीण येतो, हे मला तरुणपणी कुणी सांगितलं नव्हतं. आज लिहायला बसलो त्यात पश्चात्ताप किती आणि हा शीण किती, हे मला खरंच सांगता येणार नाही.

आम्ही सातपूरला बैठ्या खोल्यांच्या रांगेत राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. पत्र्याचे डबे आणि पिंपं करणारा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि त्याच्या प्रेसचा धप्प धप्प आवाज आमच्या घरात दिवसभर येत असे. पाळी बदलताना तो थांबला की आई हातातलं काम सोडून वर बघायची. मग भोंगा होई. मग रॉकेलच्या स्टोव्हला ती पंप मारू लागे, कारण पंधरा मिनिटांत बाबा घरी येणार. बाबा त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. खिशात व्हर्नियर, कानावर पेन्सिल, आणि एका तारेत ओवलेले पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे. हिरवी चिठ्ठी म्हणजे माल पास. लाल म्हणजे बाद. आणि पिवळी म्हणजे दुरुस्तीला परत, रिवर्क.

हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जायचा. आई हुलग्याचे शेंगोळे करायची. लसणाचा वास रांगेच्या टोकापर्यंत जाई. पहिला घास घेऊन बाबा डोळे मिटत आणि म्हणत, "रिवर्क. मीठ कमी." आई म्हणायची, "तुमची चिठ्ठी तुमच्या डब्यांना लावा. इथे गिळायचं काम." पण मीठ घालायची. बाबा फार बोलणारे नव्हते. तीन रंगांत त्यांचं भागायचं. एकदाच त्यांनी मला जरा लांबलचक समजावलं होतं. "लाल चिठ्ठीवर काही लिहावं लागत नाही. लावली की सुटलो. पिवळीवर दोन ओळी लिहाव्याच लागतात. दोष काय, आणि दुरुस्त कोण करणार. लाल लावणारा इन्स्पेक्टर आळशी असतो."

ठोकळे त्यांनीच आणले. कारखान्याच्या भिंतीपलीकडे प्लास्टिकची खेळणी काढणारा एक छोटा कारखाना होता. तिथे मशीनमधला रंग बदलताना जो माल निघायचा तो बाद व्हायचा. लालाचा पांढरा होता होता मधेच निघालेले, निळ्यात करड्या रेघा आलेले, वर उठलेलं एखादं गोल बटण अर्धवट राहिलेले ठोकळे. ते पोत्यात भरून कोपऱ्यात पडलेले असत. तिथला इन्स्पेक्टर बाबांच्या ओळखीचा. एका रविवारी बाबा सायकलच्या कॅरिअरला ते पोतं बांधून घेऊन आले आणि माझ्यापुढे ओतलं. एकावर एक दाबून बसवायचे ठोकळे आमच्या रांगेत कोणी पाहिले नव्हते. दुकानातल्या खोक्यावर घराचं चित्र असतं आणि मुलं घर बांधतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. माझ्या पोत्याबरोबर चित्र नव्हतं. आणि ते डागाळलेले, रेघारेघांचे ठोकळे बघून मला घर सुचलंच नाही. मला कातडं दिसलं. मी जनावरं करायला लागलो.

हत्ती केला, म्हैस केली, बैल केला. बाबांनी व्हर्नियर लावून बैलाचे चारही पाय मोजले, "पास" म्हणाले आणि जेवायला बसले. मला बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

रंगनाथमामा दर रविवारी यायचे. ते आईच्या सख्ख्या नात्यातले नव्हते. ते तिच्या गावचे, सायखेड्याचे, तिच्याच आळीतले. आईच्या माहेरचं माणूस म्हणजे मामा, एवढा हिशेब आम्हाला पुरे होता. आईला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला ती मामांना ओवाळायची. ते बाबांना दाजी म्हणत. बाबांनीच त्यांना प्रेसवर चिकटवून दिलं होतं. येताना पिशवीत गावाकडची वांगी, मेथीची जुडी, कधी उसाचं कांडं असे. आल्या आल्या ओरडत, "सिंधे, च्या टाक! लय साखर घाल, दाजीची चिठ्ठी लागू देऊ नको!" ते ओरडूनच बोलायचे. प्रेसवर काम करणारी सगळीच माणसं ओरडून बोलत, म्हणून त्यात कोणाला काही वाटत नसे.

मी बैल पुढे केला. मामांनी तो हातात घेतला नाही. उकिडवे बसले, मान वाकडी करून सगळीकडून पाहिला.

"पाय झ्याक," ते म्हणाले. "खांदा त्याहून झ्याक. इथं करडा रंग बरोबर टाकलास, जू घासतं त्या जागी. हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तो ठोकळाच तसा होता."

"आसू दे. लावलास तू." मग म्हणाले, "पन ह्यो मेलेला हाय का रं?"

मला राग आला. मी म्हणालो, "उभा आहे की!"

"उभा हाय. समदं हाय. शिंगं हायेत, शेपूट हाय. पन ह्यो बघतोय कुठं? भाच्या, जनावर रिकामं नसतं. ते कशाकडं तरी बघत असतं, न्हाय तर कशापासून तरी लांब जात असतं. तुझा बैल कशाकडंच बघत नाय."

आणि मग त्यांनी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. ते धोतर सावरून फरशीवर चार पायांवर आले. आई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. मामा बैल झाले होते. चाऱ्याकडे बघणारा बैल कसा असतो, चाबकाकडे बघणारा कसा, पाण्याचा वास आलेला कसा, हे त्यांनी एकामागून एक करून दाखवलं. नुसती मान आणि खांदे. "पाण्याचा वास आला की मान पुढं जाती, पन मागचं पाय तिथंच ऱ्हात्यात. बघ. आता कर."

"रंगादादा, उठा हो, लोक बघतील," आई हसू दाबत म्हणाली.

"बघू दे की! फुकटचा बैल हाय."

मी बैलाची मान तोडून एक ठोकळा खाली आणली, पुढे सरकवली. बैल एकदम तहानेला झाला. तसा आनंद मला पुढे आयुष्यात फार वेळा झाला नाही. मी नंतर ड्राफ्ट्समन झालो, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढली, चांगली काढली. पण कुणी माझं काम बघून आधी त्यातलं बरं काय ते नेमकं सांगावं, मग उणं काय ते सांगावं, आणि मग स्वतः गुडघ्यांवर येऊन दाखवावं, असं पुन्हा घडलं नाही. मीही कुणासाठी तसं केलं नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

त्यानंतर दर रविवारी एक जनावर. भ्यालेली शेळी, खोटं खोटं झोपलेलं मांजर, वेताला आलेली म्हैस. मामांचा हात कधी ठोकळ्याला लागला नाही. "म्या हात लावला की ते माझं व्हईल," असं म्हणत. पाऊस संपता संपता मी गाढवाला हात घातला. गोदाघाटावर वाळू वाहणारी गाढवं मी पाहिलेली होती. करड्याचे पांढरे होता होता अडकलेले ठोकळे माझ्याकडे पुष्कळ होते. पोट पांढरं, पाठ करडी, अगदी हवं तसं जमलं. कान लांब, सरळ उभे केले.

"कान हायेत," मामा म्हणाले. "पन ऐकत नायत."

"गाढवाचे कान असेच असतात."

"चित्रातल्या गाढवाचं. खऱ्या गाढवाचा एक कान इकडं आसतो आन् एक तिकडं. आवाज कुठनं येतोय ते तू आधी ठरव. मग कान लाव."

त्याच वेळी आईच्या हातून पितळी परात निसटली. मामांच्या पाठीमागे, दोन हातांवर. ती फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिली. मी दचकलो, ओट्यावरची चिमणी उडाली. मामा गाढवाकडे बघत बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. मग त्यांना माझे डोळे दिसले, माझे डोळे जिकडे होते तिकडे त्यांनी मान वळवली, आणि फिरणारी परात पाहिली. मग ते हळूच माझ्याकडे वळले.

आई परात उचलून आत गेली. तिला काही कळलं नाही. मामा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. त्यांना स्वतःचा आवाज मोजता येत नव्हता ना.

"कळलं व्हय तुला?"

मी मान हलवली.

"दाजीला म्हाईत हाय. आता तू. सिंधीला सांगू नको, ती रडत बसंल. आन् कारखान्यात तर कुणालाच नको. कान गेलेला मानूस प्रेसवर ठिवत नायत. मला दुसरं काय येतं? सात वर्सं झाली त्या मशीनवर. तिचा दाब मला पायातनं कळतो, कान कशाला पायजे?"

"मग भोंगा? वरून क्रेन येते तेव्हा?"

"मान्सं बोलली की मी व्हट बघतो. भोंगा झाला की समद्यांच्या माना वळत्यात. मी माना बघतो." आणि मग हसून म्हणाले, "म्हनून तर मला जनावरं येत्यात."

बाबांना हे मान्य नव्हतं. ते मी दोनदा तरी ऐकलं आहे. ओट्यावर बसून ते मामांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश सांगत, "रंगनाथ, एखाद्या दिवशी कुणाचीच मान वळायची नाही. तू स्वतः जाऊन सांग. मी बरोबर येतो." मामा म्हणत, "या दिवाळीनंतर, दाजी." आणि तोवर बाबा काय करत? आपलं मोजमापाचं टेबल त्यांनी मागून घेऊन मामांच्या प्रेससमोर आणलं होतं. भोंगा झाला की हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा ते मामांना दिसेल असा डोक्यावर धरत. दोन वर्षं धरला. ह्या माणसावर आळ आला, हे कृपा करून लक्षात ठेवा.

गाढवाचे कान करायला मला तीन रविवार लागले. ठोकळा चार बटणांवर बसवला की तो घट्ट आणि सरळच बसतो. एकाच बटणावर बसवला तर फिरतो. हे मला एका सकाळी एकदम सापडलं. पण माझा माल बादच. बहुतेक ठोकळे एका बटणावर सैल पडत. शेवटी पोतं उपसून दोन असे काढले, की जे गरजेपेक्षा घट्ट होते. एक कान पुढे ठेवला, एक मागे वळवला. मागून कोणीतरी येतंय, आणि गाढवाला ते कळलंय, पण वळून बघायचा त्याला कंटाळा आलाय, असं काहीतरी झालं. बाबांनी गाढवाच्या पायाला पिवळी चिठ्ठी बांधली. दोष: डोळा मोठा. दुरुस्ती करणार: स्वतः. मी डोळा काढून टाकला. नुसती एका बटणाची खाच ठेवली. मामा आले. बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये ऐकतंय." त्यांचे डोळे भरले होते, आणि मी इतका मूर्ख होतो की मला ती माझ्या कौशल्याला दाद वाटली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. त्या दिवशी कामगारांच्या बायकामुलांना आत सोडत. प्रेसना झेंडूच्या माळा, फरशीवर रांगोळ्या, पेढे, आणि एका शेडमध्ये मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन. वर्षातला तो एकच दिवस, की जेव्हा ते शेड शांत असे. आता मला कळतं की म्हणूनच मामा खंडेनवमीला दरवर्षी काहीतरी निमित्त काढून गावी जात. गोंगाटात सगळेच बहिरे असतात, सगळेच हातवारे करतात. त्यांचं बहिरेपण शांततेत उघडं पडलं असतं. त्या वर्षी ते थांबले. गाढवासाठी थांबले. धुतलेला सदरा घालून ते समोरच्या भिंतीपाशी उभे होते आणि जो येईल त्याला बोटाने माझं टेबल दाखवत होते. आई यायची होती, पण तिला त्या दिवशी ताप होता.

मोठे साहेब आले. बरोबर कारखान्याचे डॉक्टर होते, आणि मागे ऑफिसातली चार-पाच माणसं. साहेब खरोखरच भला माणूस होता, उगाच खोटं कशाला लिहू. तो वाकला, गाढवाकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "अरे, हे तर ऐकतंय! कान असे करायचे कसं सुचलं तुला?"

मी म्हणालो, "मामांनी शिकवलं. प्रेसवरचे रंगनाथमामा."

"रंगनाथ? त्याला यातलं काय कळतं?" साहेब हसला. कुचेष्टेने नाही, साधंच हसला. मागची माणसंही हसली.

इथे मी नुसतं "कळतं" म्हणू शकलो असतो. पण माझ्याजवळ एक वाक्य तयार होतं. ते आठ दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं, रोज सकाळी दात घासताना मी ते मनात म्हणून बघत होतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मामांचा अपमान सहन झाला नाही म्हणून ते तोंडातून निघालं. तसं नाही. वाक्य चांगलं होतं म्हणून मी बोललो. मी म्हणालो, "साहेब, त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून त्यांना कान कळतात."

कुणीतरी "वा" म्हणालं. मग एकदम साहेब, डॉक्टर, मागची माणसं, सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मामांनी त्या माना वळलेल्या पाहिल्या. आणि त्यांनी काय करावं? त्यांच्या सवयीने त्यांनी झटकन मागे वळून वर पाहिलं. क्रेन कुठून येतेय ते बघायला. मागे नुसती भिंत होती आणि तिच्यावर झेंडूची माळ.

बाबा माझ्यापासून तीन पावलांवर उभे होते, हातात चहाचा कप. त्यांनी ऐकलं होतं. तो कप त्यांनी माझ्या गाढवाशेजारी ठेवला आणि ते साहेबाजवळ गेले, त्याच्या कानाशी वाकून बोलू लागले. "साहेब, दोन मिनिटं माझं ऐका," असं सुरू केलेलं मला ऐकू आलं. पुढचं नाही. पण मामा पुन्हा वळले तेव्हा त्यांना दिसलं ते हेच. दाजी साहेबाच्या कानाशी बोलताहेत, आणि साहेब गंभीर होऊन आपल्याकडे बघतोय. मामांनी उभ्या आयुष्यात चेहरे अचूक वाचले. एवढा एकदा चुकले.

मला पहिलं बक्षीस मिळालं. कंपासपेटी.

पुढच्याच आठवड्यात मामांचे कान तपासले आणि त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला दिलं. काम हलकं होतं, जीवाला धोका नव्हता. डॉक्टरांनी चुकीचं काही केलं नाही. पण मामांना डब्यांभोवती कागद गुंडाळत बसणं म्हणजे मेल्यासारखं वाटलं. ते आमच्या दारात आले. चप्पल काढली नाही. बाबा जेवत होते. मामा ओरडून बोलले, नेहमीसारखंच ओरडून, पण त्या दिवशी सगळ्या रांगेने ते ऐकलं.

"दाजी! मला लाल चिठ्ठी लावायची व्हती, तर तोंडावर लावायची!"

बाबा ताटावरून उठले. "रंगनाथ, आत ये. बस आधी."

मामांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलंच नाही. ते ओट्याच्या खांबाकडे बघत होते. मी बाबांच्या ताटासमोर बसलो होतो. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काही खुणावलं नाही, गप्प बस असंही नाही, बोल असंही नाही. ते नुसते थांबले. त्यांनी मला वेळ दिला. मी भाकरी खाल्ली. मामा निघून गेले.

भाऊबीजेला आईने ताट केलं, निरांजन लावलं, पाट मांडला, आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. वात विझली तेव्हा तिने बाबांना विचारलं, "तुम्हीच सांगितलंत ना?" बाबा गप्प बसले. त्यानंतर आमच्या घरात शेंगोळ्यांत मीठ कमी आहे असं कोणी म्हटलं नाही. ते कमी असलं तरी.

मामा नोकरी सोडून सायखेड्याला परत गेले. मी गाढव मोडलं. कान आधी काढले. पोतं रांगेतल्या पोरांना वाटून टाकलं. पुढे काही वर्षांनी, मी ओझरला नोकरीला लागलो होतो तेव्हा, मामा गेल्याचा निरोप आला. आई, बाबा आणि मी सीबीएसच्या बस स्टँडवर गेलो. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. बस लागल्यावर आई म्हणाली, "तुम्ही कशाला येता? त्यांच्या बायकोला तोंड कसं दाखवाल?" बाबा पायरीवर चढवलेला पाय खाली घेऊन बाजूला झाले. त्यांनी तिला खिडकीतून पाण्याची बाटली दिली. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरदार होतो, कोणाच्या बापाला भ्यायचं कारण नव्हतं. आणि आपलाच बाप दोन फुटांवर उभा होता. बस आईला घेऊन गेली. बाबा म्हणाले, "ऊन फार आहे. चल." परतीच्या वाटेवर आम्ही रसवंतीत थांबून रस प्यायलो. मी बोललो नाही. बाबा गेले तेव्हाही नाही.

मागच्या महिन्यात हे इथपर्यंत आईला वाचून दाखवलं. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. इंदिरानगरला आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दुपारची बसते. डाव्या कानाने तिला काहीच ऐकू येत नाही, उजव्याने जरा येतं. कानात घालायचं यंत्र आणून दिलंय, ते तिने डब्यात नीट जपून ठेवलंय. मला ओरडून वाचावं लागलं. खालचा इस्त्रीवाला मधूनमधून वर बघत होता. असं ओरडून कबूल करण्यात एक बरं असतं, आवाज थरथरत नाही.

वाचून झालं. ती बराच वेळ पदराचा काठ बोटाने सरळ करत राहिली.

"सीबीएसवर होतास तू," ती म्हणाली. "तिथे तरी बोलायचंस."

"हो."

"मी त्यांना बसमधून उतरवलं."

"हो, आई."

मी वही मिटायला लागलो. तेव्हा म्हणाली, "एका जागी चुकलंय तुझं."

"कुठे?"

"मी ह्यांना विचारलं, असं लिहिलंयस. भाऊबीजेला."

"विचारलंस की. मी तिथेच होतो. तुम्हीच सांगितलंत ना, म्हणालीस."

"'ना' नव्हता त्यात."

मला नीट कळलं नाही. तिने माझ्याकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "तुम्हीच सांगितलंत, असं म्हणाले मी. ना नव्हता. तो असता तर त्यांना बोलायला जागा मिळाली असती. मी विचारलंच नाही कधी. ठरवून टाकलं. तू चौदाचा होतास रे. मी छत्तिशीची होते." मग म्हणाली, "ते नीट कर. आणि तो राहिलेला ना माझ्या नावावर लिही, तुझ्या नको."

मी वरचं वाक्य तसंच ठेवलं आहे, खोडलेलं नाही. पिवळ्या चिठ्ठीवर दोष खोडत नाहीत, त्याखाली लिहितात. तर लिहितो: भाऊबीजेच्या दिवशी आईने बाबांना काही विचारलं नव्हतं. बाबा गप्प बसले असं मी म्हणत आलो, पण त्यांना कोणी प्रश्नच केला नव्हता. तिने नाही, मामांनी नाही, आणि ज्याला उत्तर माहीत होतं त्याने तर नाहीच.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मग पुन्हा वाच. पहिल्यापासून. मधलं गाढवाचं मला नीट ऐकू नाही आलं."

तिने खुर्ची थोडी सरकवून उजवा कान माझ्याकडे केला. डावा आतल्या खोलीकडे राहिला, जिथे बाबांचा फोटो आहे. मी वहीचं पहिलं पान उघडलं आणि जरा मोठ्याने वाचायला सुरुवात केली.